संरोध-जुळणी आणि ध्वनिमुद्रिकेचे श्रवण : तारप्याच्या कर्ण्यापासून दीर्घवादन तबकडीपर्यंत

सारांश

महाराष्ट्रातील ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास प्रामुख्याने कलावंत आणि कंपन्या यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. ध्वनी एका घटकाकडून दुसऱ्या घटकाकडे जाताना काय टिकले व काय गळाले, हा प्रश्न त्यात दुय्यम राहिला. या प्रश्नाचे शास्त्रीय नाव संरोध-जुळणी. प्रस्तुत लेखात खोडाळा परिसरातील तारपा, यांत्रिक ग्रामोफोन, सार्वजनिक ध्वनिक्षेपण व घरगुती तबकडी-वादक या चार टप्प्यांच्या आधारे या जुळणीचा ऐतिहासिक विचार केला आहे. ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन मानावयाचे असेल, तर ती कोणत्या जोडणीतून ऐकली याची नोंद त्या साधनाचाच भाग मानली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संरोध, ध्वनिमुद्रिका, कर्णा, तारपा, कार्ट्रिज, विवर्धक, जव्हार-मोखाडा.

१. प्रस्तावना

लिखित कागदपत्रांची चिकित्सा करताना इतिहासाचा अभ्यासक कागद, शाई, हस्ताक्षर व नक्कलकार यांचा विचार करतो. नक्कलकाराची चूक मूळ लेखकाच्या माथी मारली जाऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र ही दक्षता क्वचितच घेतली जाते. एखाद्या जुन्या तबकडीवरून 'आवाज पातळ होता', 'तबला दबलेला होता', 'तंबोरा जवळजवळ नव्हताच' असे निष्कर्ष सहज काढले जातात. हे दोष गायकाचे, मुद्रणाचे की ऐकविणाऱ्या यंत्राचे, हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारावयाचा असेल तर संरोध ही संकल्पना समजून घेणे आवश्यक ठरते.

२. संरोध : संकल्पना

प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला मंडलात होणारा एकूण विरोध म्हणजे संरोध अर्थात इंपीडन्स. ही संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केली. तिचा उगम तारायंत्र व दूरध्वनी यांच्या अभ्यासात असला, तरी तत्त्व विजेपुरते मर्यादित नाही. गोफणीतील गुंडा दूर जातो. त्याच हाताने कापसाचा बोळा फेकला तर तो जवळच पडतो आणि मोठा धोंडा तर हलतही नाही. हाताची ताकद तिन्ही वेळी तीच असते. फरक पडतो तो हात आणि वस्तू यांच्या मेळाचा. ऊर्जा देणारा घटक व ती घेणारा घटक यांचा मेळ नसेल तर ऊर्जा पुढे न जाता मागे फिरते अथवा वाया जाते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. जुळणी म्हणजे दोन्ही बाजूंचा संरोध समान असणे, असे नेहमी नसते. जास्तीत जास्त शक्ती पुढे द्यावयाची असेल तर समान संरोध हवा. परंतु अशा वेळी निम्मी शक्ती देणाऱ्या घटकातच खर्च होते. दूरध्वनीच्या लांब तारांसाठी ही किंमत मोजणे योग्य होते. याउलट केवळ विद्युत् दाबाचे स्वरूप अबाधित ठेवून पुढे पाठवावयाचे असेल, तर घेणाऱ्याचा संरोध देणाऱ्याच्या किमान दहापट असणे सोयीचे असते. विसाव्या शतकातील ध्वनियंत्रणेचा प्रवास स्थूलमानाने पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे झाला. हा बदल ध्यानात न घेतल्यास जुन्या व नव्या यंत्रांची सांगड घालताना गफलत होते.

३. तारपा : स्थानिक परंपरेतील उदाहरण

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेला मोखाडा तालुका आणि त्यातील खोडाळा हे गाव नाशिक जिल्ह्याच्या सीमेलगत सह्याद्रीच्या कुशीत वसले आहे. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी आदी समाजांच्या या परिसरात तारपा हे प्रमुख सुषिर वाद्य आहे. वाळलेला भोपळा, त्यात बसविलेल्या जिभाळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्या टोकाशी ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला रुंद कर्णा, अशी त्याची रचना असते. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांमुळे हे वाद्य सर्वदूर परिचित झाले आहे.

या वाद्यातील कर्णा शोभेसाठी नाही. नळीतील हवेचा स्तंभ अरुंद असतो. त्यात दाब मोठा व हवेची हालचाल थोडी असते. बाहेरील मोकळ्या हवेचे वर्तन याच्या उलट असते. नळी एकदम संपली तर ध्वनीचा बराचसा भाग तोंडाशीच परावर्तित होऊन आत परततो. हळूहळू रुंदावणारा कर्णा हा बदल टप्प्याटप्प्याने घडवितो व ध्वनी मोकळ्या मैदानात पोहोचतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत तो ध्वनिक संरोधाचे रोहित्र आहे. तारपकरी मध्ये उभा राहून वाजवीत असतो व नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. आवाज सर्वांपर्यंत पोहोचणे ही या नृत्याची पूर्वअटच होय. या परिसरातील बोहाड्यात सोंगे नाचविताना संबळाच्या जोडीला वाजणाऱ्या सनईचे रुंदावणारे तोंडही हेच कार्य करते.

हे ज्ञान सूत्ररूपाने मांडलेले नव्हते. जिभाळी, नळी व कर्णा यांचे परस्परांशी जुळणे वाद्य करणाऱ्याच्या हाताला व कानाला ठाऊक होते. वाद्य घडविणारा, वाजविणारा आणि ऐकणारा एकाच पाड्यावरचे असल्याने जुळणी बिघडली तर ती तेथेच दुरुस्त होई. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

४. यांत्रिक ग्रामोफोनचा काळ (१९०२–१९२५)

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे मुद्रण केले. त्यानंतर काही वर्षांतच मराठी नाट्यपदे, भजने व ख्याल तबकड्यांवर येऊ लागले. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाल्यावर त्यांचा प्रसार वाढला. या काळातील मुद्रणात विजेचा उपयोग नव्हता. गायक एका कर्ण्याच्या तोंडाशी गाई. कर्ण्याच्या अरुंद टोकाशी असलेले पटल कंप पावे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खोदकाम करी. ऐकताना हीच क्रिया उलट दिशेने घडे.

अशा रचनेत कर्ण्याचा आकार निर्णायक असतो. ३०० हर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ११४ सेंटिमीटर असते. तो नीट पोहोचविण्यासाठी कर्ण्याच्या तोंडाचा व्यास ढोबळमानाने ३६ सेंटिमीटर लागतो. याहून खालच्या स्वरांसाठी तोंड त्याच प्रमाणात मोठे व कर्णा लांब हवा, जे व्यवहारात कठीण होते. परिणामी, सुमारे २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा समाधानकारकपणे पकडला जाई. काळी एकचा मंद्राकडील षड्ज १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे पुरुष गायकाचा मूळ षड्ज या पट्ट्याच्या बाहेरच राही आणि श्रोत्याचा कान वरच्या स्वरांशांवरून तो मनाने भरून काढी. डग्ग्याची घुमक व तंबोऱ्याची आस यांची स्थिती त्याहून बिकट होती. फेकीचा, टोकदार आवाज तबकडीवर उठून दिसे. मृदू आवाज मागे पडे.

उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचे मुद्रण १९०५ च्या सुमारास यांत्रिक पद्धतीने व पुन्हा १९३० च्या दशकात विद्युत् पद्धतीने झाले. किराणा घराण्याच्या हळुवार स्वरलगावाचा जो प्रभाव रसिकांवर पडला, त्यात या उत्तरकालीन तबकड्यांचा वाटा मोठा आहे. दोन काळांतील मुद्रणांची तुलना करून गायकीच्या विकासाविषयी विधान करताना, त्या फरकातील किती भाग गळ्याचा व किती कर्ण्याचा, याची विभागणी आधी करावी लागते. अन्यथा यंत्राचा इतिहास घराण्याचा इतिहास म्हणून लिहिला जाण्याचा धोका संभवतो.

५. १९२५ चे वळण

आर्थर गॉर्डन वेब्स्टर यांनी १९१९ मध्ये ध्वनिक संरोध, कर्णे व फोनोग्राफ यांविषयीचा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यापाठोपाठ अमेरिकेतील बेल दूरध्वनी संस्थेच्या प्रयोगशाळेत जोसेफ मॅक्सफिल्ड व हेन्री हॅरिसन यांनी एक मूलगामी कल्पना राबविली. दूरध्वनीच्या तारेसाठी सिद्ध झालेले गणित त्यांनी सुई, तरफ, पटल, हवेची पोकळी व कर्णा या साखळीला लावले. वस्तुमान म्हणजे प्रवर्तकता व लवचीकता म्हणजे धारकता असे मानून प्रत्येक सांध्यावर संरोध जुळविला. १९२५ मध्ये मायक्रोफोन व विवर्धक यांच्या साहाय्याने होणारे विद्युत् मुद्रण बाजारात आले. त्याच वर्षी घडीच्या लांब कर्ण्याचा 'ऑर्थोफोनिक' ग्रामोफोनही विक्रीस आला. या यंत्रात वीज नव्हती. तरीही केवळ जुळणीच्या बळावर ऐकू येणारा पट्टा सुमारे १०० ते ५००० हर्ट्झपर्यंत विस्तारला.

भारतात या वळणाचा परिणाम असमान झाला. मुद्रण विद्युतीय झाले तरी श्रवण दीर्घकाळ यांत्रिकच राहिले. १९३१ पासून मिळू लागलेला 'एच. एम. व्ही. १०२' सारखा किल्लीचा पेटी-ग्रामोफोन विजेवाचून चालत असे, म्हणून वीज न पोहोचलेल्या गावांतही तो नेता येई. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्या आणि १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'यंग इंडिया'ची स्वदेशी निर्मिती असंख्य श्रोत्यांनी पोलादी सुई व पेटीतील घडीच्या कर्ण्यातूनच ऐकली. तबकडीवर जे कोरले होते आणि श्रोत्याला जे मिळाले, त्यांत अंतर होते. म्हणून 'लोकांनी काय ऐकले' हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न 'काय मुद्रित झाले' या प्रश्नाहून वेगळा ठरतो.

६. मंडप, मैदान आणि लाऊडस्पीकर

खेड्यातील बहुसंख्य लोकांचा ध्वनिमुद्रिकेशी संबंध आला तो घरातील यंत्रामुळे नव्हे, तर लग्नाचा मांडव, जत्रा, गणेशोत्सव व प्रचारसभा यांतील लाऊडस्पीकरमुळे. मुंबईतील मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही कंपनी स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेस अधिवेशनांना ध्वनिक्षेपण-यंत्रणा पुरवीत असे. स्वातंत्र्योत्तर काळात बॅटरीवर चालणारे विवर्धक आल्यावर हा व्यवसाय तालुक्याच्या गावापर्यंत झिरपला. तबकडी-वादक, विवर्धक, दोन कर्णे आणि वायरीची भेंडोळी एवढे भांडवल असलेला 'स्पीकरवाला' हा ग्रामीण जीवनातील एक परिचित घटक बनला.

त्याच्या कामाचे मर्म संरोधात होते. निर्वात नलिकेच्या विवर्धकाला साधारण ५००० ओहमचा भार हवा असतो, तर लाऊडस्पीकर ८ किंवा १६ ओहमचा असतो. त्यांच्यामधील प्रदान-रोहित्र ही तफावत सांधते. ५००० व ८ यांचे गुणोत्तर ६२५ असून त्याचे वर्गमूळ २५ येते. म्हणजे रोहित्राच्या एका बाजूस दुसरीच्या २५ पट वेढे लागतात. विवर्धकाच्या मागील ४, ८, १६ ओहम अशा खुणांच्या पट्टीवर तार कोठे जोडावयाची, हे किती कर्णे व कसे लावले यावर ठरते. १६ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले तर ८ ओहम, चार जोडले तर ४ ओहम होतात. खूण चुकली तर आवाज फाटतो, दबतो किंवा यंत्र तापून जळते.

अंतराचा प्रश्न याहून अवघड होता. मांडवापासून झाडावरच्या कर्ण्यापर्यंत नेलेल्या बारीक वायरीचा एकूण रोध ४ ओहम आणि कर्णा ८ ओहमचा असेल, तर एक तृतीयांश शक्ती वायरीतच खर्च होते. यावरील उपाय म्हणजे १०० व्होल्टची वाहिनी. २५ वॅटच्या विवर्धकाला १०० व्होल्टवर ४०० ओहमचा भार दिसतो. त्यापुढे ४ ओहमची वायर नगण्य ठरते. प्रत्येक कर्ण्यापाशी लहान रोहित्र बसवून दाब पुन्हा उतरविला जातो. दूर अंतरावर वीज वाहून नेण्याचेच हे तत्त्व होय. अनेक स्पीकरवाल्यांनी ते पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली व जळालेल्या यंत्रांच्या अनुभवातून आत्मसात केले. कारागिरीच्या इतिहासात या ज्ञानाची दखल घेतली जावयास हवी.

जव्हार-मोखाड्यासारख्या भागात लाऊडस्पीकर आणि तारपा समोरासमोर आले. तारप्याचा ऱ्हास केवळ लाऊडस्पीकरमुळे झाला असे म्हणणे अतिसुलभीकरण ठरेल. रोजगारासाठी होणारे स्थलांतर व बदललेली करमणूक ही कारणेही तितकीच विचारात घ्यावी लागतात. तथापि, दोहोंमधील एक भेद नोंद घेण्याजोगा आहे. दोन्हींच्या टोकाला कर्णाच आहे व त्याचे भौतिक कार्यही एकच आहे. मात्र तारप्याची जुळणी पाड्यावर घडते, तर लाऊडस्पीकरची जुळणी कारखान्यात ठरून विकत येते. तारपकरी नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहून लय बदलतो. तबकडी कोणाकडे पाहत नाही. मोठ्या आवाजाच्या बदल्यात या संवादाला मुकावे लागले.

७. दीर्घवादन तबकडी व घरगुती यंत्रणा

१९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादन म्हणजे एल. पी. तबकडी आली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती भारतीय संगीतासाठी उपलब्ध झाली. तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा जाऊन एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळ मिळाल्याने ख्यालाचा विस्तार मुद्रित करणे शक्य झाले. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर आदींची गायकी या माध्यमातून मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. आता सुईची हालचाल विजेत रूपांतरित करणारे कार्ट्रिज व विवर्धक यांमधील सांधा कळीचा बनला.

स्वस्त यंत्रांत स्फटिक किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्याचा प्रदान-दाब भरपूर, अर्ध्या व्होल्टच्या आसपास असल्याने साधा विवर्धक पुरे. परंतु विद्युत्‌दृष्ट्या ते सुमारे १००० पिकोफॅरडच्या धारित्रासारखे वागते. त्याला १ मेगाओहमचा भार दिला तर सुमारे १६० हर्ट्झखाली दाब घटू लागतो; काळी एकचा षड्ज दोन तृतीयांश प्रमाणात टिकतो. तेच कार्ट्रिज समकारण नसलेल्या ४७ किलोओहमच्या आदानाला जोडले तर ही मर्यादा ३४०० हर्ट्झवर जाते व तोच षड्ज चोविसाव्या भागावर येतो. शिवाय स्फटिक कार्ट्रिजमधील रोशेल क्षार ओलावा व उष्णता यांनी खराब होतो. वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या सह्याद्रीच्या पट्ट्यात असे कार्ट्रिज टिकविणे कठीणच होते.

चुंबकीय कार्ट्रिजचा प्रश्न निराळा आहे. त्याचा दाब अवघा ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो व त्यासाठी ४७ किलोओहमचा भार प्रमाण मानला जातो. त्याच्या वेटोळ्याची प्रवर्तकता ५०० मिलिहेन्री आणि वायर व विवर्धक मिळून धारकता २०० पिकोफॅरड असेल, तर त्यांचे अनुस्पंदन सुमारे १६ किलोहर्ट्झला, म्हणजे बहुतेक संगीताच्या वर, घडते. लांब वायरीमुळे धारकता ५०० पिकोफॅरड झाली तर ते १० किलोहर्ट्झवर उतरते. तेथे उठाव येतो व त्यापुढे आवाज वेगाने घटतो. चलवेटोळ्याच्या कार्ट्रिजचा दाब तर मिलिव्होल्टचा अंशच असतो. त्यासाठी १:१० चे रोहित्र वापरले, तर पुढील ४७ किलोओहम कार्ट्रिजला ४७० ओहम म्हणून दिसतात.

हे आकडे केवळ हौशी मंडळींच्या चर्चेचे नाहीत. तंबोऱ्याची जवारी ही वरच्या स्वरांशांची कलाकुसर आहे. कुमार गंधर्वांच्या गायनात सुरेल जुळलेल्या तंबोऱ्यांना असलेले महत्त्व सर्वश्रुत आहे. हेच स्वरांश चुकीच्या भारामुळे फुगले किंवा गळाले, तर अभ्यासक ज्या जवारीचे वर्णन करीत आहे ती तंबोऱ्याची नसून वायरीची असू शकते.

८. ध्वनिसंग्रह आणि नोंदीची शिस्त

१९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने व तिच्याशी संबंधित संग्राहकांनी जुन्या तबकड्यांचे जतन, सूचीकरण व श्रवणसत्रे यांद्वारे मोलाचे कार्य केले आहे. आज अनेक व्यक्ती व संस्था तबकड्यांचे अंकीय रूपांतर करीत आहेत. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात व प्रत्येक वादनाने झिजतात. त्यामुळे एकदा केलेले रूपांतर पुढील पिढ्यांसाठी मूळ साधनाची जागा घेण्याची शक्यता अधिक आहे. म्हणूनच त्यातील चूक कायमची ठरते.

यास्तव प्रत्येक रूपांतरासोबत पुढील बाबी नोंदविणे आवश्यक वाटते : तबकडीचा क्रमांक व वेग, सुईचा आकार (७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी साधारण ०.०७६ मिलिमीटर, दीर्घवादनासाठी ०.०२५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी), कार्ट्रिजचा प्रकार, भाराचा रोध व धारकता, आणि वापरलेले समकारण. १९५४ मध्ये रूढ झालेला अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगसंघाचा समकारण-वक्र त्यापूर्वीच्या तबकड्यांना सरसकट लावणे अयोग्य होय. ही नोंद अर्ध्या पानाची असते. परंतु तिच्यामुळे पुढील अभ्यासकाला यंत्राचा वाटा वजा करून मूळ आवाजाच्या जवळ जाता येते. महाविद्यालयांतील इतिहास, संगीत व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे.

तारप्यासारख्या परंपरांच्या मुद्रणालाही हेच लागू होते. मोकळ्या मैदानात फेर धरलेल्यांच्या मध्यभागी वाजणारे वाद्य बंद खोलीत, कर्ण्याच्या तोंडाशी मायक्रोफोन ठेवून मुद्रित केले, तर वाद्य मिळते. पण त्याचे हवेशी व माणसांशी असलेले नाते मिळत नाही. मायक्रोफोनचे स्थान, अंतर व जागा यांचा उल्लेख नसलेले असे मुद्रण अपुरा पुरावा ठरते.

९. निष्कर्ष

(१) संरोध-जुळणी ही केवळ तांत्रिक बाब नसून ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासातील एक कारक घटक आहे. कोणता आवाज ठसला व कोणता मागे पडला, हे अंशतः तिने ठरविले.

(२) जुळणीचे ज्ञान प्रयोगशाळेपुरते मर्यादित नव्हते. तारपा घडविणारे कारागीर व खेड्यातील स्पीकरवाले यांच्याकडे ते अनुभवातून आले होते.

(३) मुद्रणाचा इतिहास व श्रवणाचा इतिहास समांतर असले तरी एकरूप नाहीत. दुसरा लिहावयाचा असेल तर यंत्रांच्या सांध्यांकडे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

(४) अंकीय रूपांतरासोबत जोडणीची नोंद नसेल, तर ध्वनिमुद्रिका विश्वासार्ह ऐतिहासिक साधन राहत नाही. तबकड्या व त्या वाजविण्याचे कौशल्य असलेली माणसे उपलब्ध आहेत तोवरच ही नोंद करणे शक्य आहे.